आजीची दोन पुस्तकं



आजचा पाठ माझ्याच एका चुकीतून तयार झाला आहे. त्यामुळे आधी ती चूक सांगते, मग पाठाकडे वळू.

मागच्या वर्षी माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. त्यातली एक मुलगी दर शनिवारी दप्तरात दोन जाडजूड पुस्तकं घेऊन यायची. शाळा सुटली की आईबरोबर घरी जाताना ती वाचनालयात बदलून घ्यायची. पुस्तकं आजीची. गुडघ्यांमुळे आजीला वाचनालयाचा जिना चढवत नाही, म्हणून हे काम नातीकडे आलेलं. आजी चिठ्ठीवर नावं लिहून द्यायची आणि ही तिथल्या काकांना ती मोठ्यानं वाचून दाखवायची.

एका शनिवारी ती पुस्तकं बाकावर दिसली, म्हणून मी हातात घेतली. एक होती ना. सी. फडक्यांची जुनी कादंबरी, नव्यानं पुठ्ठा बांधलेली. दुसरं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. मी विचारलं, "आजी दोन्ही एकदम वाचते का गं?" ती म्हणाली, "एक दुपारचं आणि एक रात्रीचं." मला हसू आलं.

पुढच्या आठवड्यात तिचे वडील भेटायला आले. माणूस सज्जन, मुलीच्या अभ्यासाकडे लक्ष देणारा. म्हणाले, "मॅडम, आईला मी काही बोलू शकत नाही. पण मुलीच्या दप्तरात एक प्रेमाबिमाची कादंबरी आणि एक ख्रिश्चन लोकांचं पुस्तक! ती मधेमधे उघडून वाचते हो. तुमचं ऐकेल ती. तुम्हीच सांगा."

मी काय केलं असेल? "बरं, सांगते" म्हणाले. आणि खरंच मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, की आजीची पुस्तकं आपण उघडायची नाहीत, फक्त पोचवायची. तिनं मान डोलावली. पुढच्या शनिवारी तिनं दोन्ही पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळून, वर दोरा बांधून आणली.

ते वर्तमानपत्र मला फार लागलं. वर्षभर मी या मुलांना 'वाचा, वाचा' म्हणत होते, वाचन प्रेरणा दिनाला भाषण करत होते. आणि एका मुलीला मी पुस्तक लपवायला शिकवलं होतं.

मी रोज ठाण्याहून डोंबिवलीला येते. सकाळी गर्दीच्या उलट दिशेची गाडी, त्यामुळे बसायला जागा मिळते. त्यानंतरचे काही महिने मी त्या प्रवासात हेच वाचत होते: मराठीत ही दोन प्रकारची पुस्तकं, ख्रिस्ती विचारांची आणि प्रेमकथांची, आली कुठून? आणि आपल्याला त्यांची भीती का वाटते? जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवते.

१. दोन्ही कपाटं एकाच घरातली

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून 'यमुनापर्यटन' या पुस्तकाचं नाव घेतलं जातं. साल १८५७. लेखक बाबा पद्मनजी. मूळचे बेळगावचे, १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेले. कथेत यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात आणि ठिकठिकाणी विधवांचे हाल पाहतात. पुढे यमुनेवरच तो प्रसंग येतो. विधवाविवाहाला परवानगी देणारा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये झाला होता. म्हणजे मराठी कादंबरी जन्मली तीच समाजाला एक अवघड प्रश्न विचारत, आणि तो विचारणारा लेखक ख्रिस्ती होता.

चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली. ही वेगळीच वाट. ताटातूट झालेलं जोडपं, कपटी खलनायक, संकटांमागून संकटं आणि शेवटी सगळं गोड. वाचकांनी ती डोक्यावर घेतली. हळब्यांनी पुढे 'रत्नप्रभा' लिहिली, नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ मध्ये आली. अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांची रांगच लागली.

आता आपल्याकडे या. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला धावली, वर्षभरानं १ मे १८५४ ला ती कल्याणला पोचली. आणि १८६४ मध्ये कल्याणला सार्वजनिक वाचनालय सुरू झालं. हिशेब करा: त्या वेळी मराठी कादंबरीचं वय होतं सात वर्षं! आपल्या चौथीतल्या मुलांपेक्षाही ती लहान होती. एका बाजूला धर्म आणि समाजसुधारणा, दुसऱ्या बाजूला प्रेम आणि अद्भुत. मराठी कादंबरी या दोन्ही बोटांना धरून चालायला शिकली.

२. वडिलांची भीती खोटी नव्हती, अपुरी होती

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. पद्मनजींनी 'यमुनापर्यटन' लिहिलं त्यात धर्मप्रसाराचा हेतू होता. ते लपलेलं नाही, पुस्तक वाचणाऱ्याला सरळ दिसतं. यमुना शेवटी ख्रिस्ती होते. मिशनऱ्यांनी मराठीत छापखाने काढले, 'ज्ञानोदय'सारखं नियतकालिक १८४२ मध्ये सुरू केलं, मुलांसाठी 'बालबोधमेवा' काढला, तेही त्यांच्या कार्याचाच भाग म्हणून. त्यामुळे एखाद्या वडिलांना काळजी वाटली तर आपण त्यांना हसू नये.

पण त्याच कामातून मराठीला काय मिळालं तेही मोजायला हवं. विल्यम कॅरी यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरहून १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी शब्दकोश प्रसिद्ध केला. शब्दकोशातले मराठी शब्द मोडी लिपीत होते. मुंबईच्या 'निर्णयसागर'चे जावजी दादाजी, ज्यांच्या सुबक टायपातली पंचांगं आणि संस्कृत ग्रंथ देशभर गेले, ते हे काम शिकले अमेरिकन मिशनच्या छापखान्यात, लहान वयात नोकरीला लागून. एका छापखान्यात शिकलेला हात दुसऱ्या धर्माचे ग्रंथ सुंदर करून गेला. ज्ञानाला कुंपण घालता येत नाही ते असं.

आणखी मागे जाऊ. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्याला आला. त्यानं बायबलची कथा मराठी ओव्यांत रचली. तिला आज आपण 'ख्रिस्तपुराण' म्हणतो. ती १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापली गेली. सुमारे अकरा हजार ओव्या! ज्या छंदात ज्ञानेश्वरी आहे तोच छंद. गोव्यातले नवख्रिस्ती लोक पुराण ऐकणारे होते, त्यांना तसंच काही हवं होतं, म्हणून त्यानं ते पुराणासारखं लिहिलं. डी.एड.ला आपण शिकलो ना, 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे'? ते सूत्र स्टीफन्सनं चारशे वर्षांपूर्वी वापरलेलं दिसतं.

आणि 'ख्रिश्चन लोकांचं पुस्तक' म्हणताना आपण हेही विसरतो की ते लोक परके नाहीत. ठाण्याच्या तलावपाळीवर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्याला सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च ठाऊक असतं. पलीकडे वसईत पिढ्यान्‌पिढ्या मराठीत प्रार्थना करणारी घरं आहेत. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणलं, त्याला अनुवादाचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या आधी पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून साध्या मराठीत बायबलचं भाषांतर केलं. माझ्या वर्गातल्या हजेरीपटावर वसईकडची आडनावंही असतात. आपण एखादं पुस्तक 'त्यांचं' म्हणून बाजूला काढतो तेव्हा ते मूल ऐकत असतं.

३. 'स्मृतिचित्रे' कुठल्या कपाटात ठेवाल?

हा प्रश्न मी तुम्हाला गृहपाठ म्हणून देते.

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा. नवरा कवी नारायण वामन टिळक, ज्यांची दगड लागलेल्या पाखराची 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केली आहे. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. त्या माहेरच्या माणसांत राहिल्या, रडल्या, आजारी पडल्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नवऱ्याजवळ राहायला गेल्या, पण त्यांचं सोवळंओवळं लगेच सुटलं नाही. हळूहळू, स्वतःशी भांडत, स्वतःला प्रश्न विचारत त्या बदलल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळकांनी येशूच्या जीवनावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतलं, ते अपुरं राहिलं. पुढचा फार मोठा भाग लिहिला लक्ष्मीबाईंनी. शाळेची पायरी न चढलेली बाई! आणि १९३४ पासून भागाभागानं 'स्मृतिचित्रे' आलं. त्यात धर्म आहे, प्लेग आहे, गरिबी आहे, मुलासारखे त्यांच्या घरी राहिलेले बालकवी ठोंबरे आहेत. आणि पानोपानी आहे तो त्यांचा तऱ्हेवाईक, भोळा, रागीट, दानशूर नवरा. ज्याच्यावर त्या चिडतात, ज्याची थट्टा करतात आणि ज्याला सोडून राहू शकत नाहीत.

मग हे पुस्तक धर्माच्या कपाटात ठेवायचं, आत्मचरित्राच्या, की प्रेमकथेच्या? आजी ते 'रात्रीचं' म्हणून वाचायची की 'दुपारचं', हे विचारायचं माझं राहूनच गेलं.

४. आणि प्रेमकथा?

आता दुसऱ्या पुस्तकाकडे. फडके (१८९४ ते १९७८) म्हटलं की अनेकांना वाटतं, गुलाबी, हलकंफुलकं. पण हा लेखक कॉलेजात तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र शिकवणारा प्राध्यापक होता. त्याच्या कादंबऱ्यांत शिकलेली मुलगी स्वतःच्या मनानं माणूस निवडू पाहते. आज ही गोष्ट साधी वाटते. ज्या घरात मुलींची लग्नं आठव्या-दहाव्या वर्षी ठरत होती, तिथे ती साधी नव्हती.

त्यांचे समकालीन वि. स. खांडेकर तर आपल्यातलेच. १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं ते सिंधुदुर्गातल्या शिरोड्याला शाळामास्तर होते. त्यांची 'ययाती' (१९५९) ही कादंबरी कामवासनेबद्दल आहे आणि संयमाबद्दलही. तिच्यासाठी त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, मराठीतला पहिला. याच खांडेकरांनी लेबनॉनच्या ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या खलील जिब्रानच्या रूपककथा मराठीत आणल्या. पाहा, लेखकाच्या टेबलावरही दोन्ही कपाटं शेजारी होती.

डोंबिवलीकरांना शं. ना. नवरे वेगळे सांगायला नकोत. मध्यमवर्गीय घरातलं अबोल प्रेम, गॅलरीतलं, गाडीतलं, त्यांनी इथेच राहून लिहिलं. त्यांच्या कथेतलं प्रेम वाचून कुणी बिघडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

भीती जुनी आहे, आणि ती कोर्टापर्यंतही गेली आहे. चंद्रकांत काकोडकर हे आपल्या आई-मावश्यांच्या पिढीचे लोकप्रिय लेखक. त्यांची 'श्यामा' ही कथा १९६२ मध्ये 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लील म्हणून खटला झाला. उच्च न्यायालयानं त्यांना दोषी ठरवलं. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कथा समग्र विचारात घेतली आणि ती अश्लील नाही असा निर्णय देऊन त्यांना मुक्त केलं. आपण मात्र मुखपृष्ठ पाहून निकाल देतो. मीही तेच केलं. फडक्यांची ती कादंबरी मी त्या दिवशी एक पानही वाचली नव्हती.

५. तीन यमुना

हे वाचताना मला तीन यमुना भेटल्या. पहिली पद्मनजींची, १८५७ ची. शेवटची हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' मधली यमू, १८९० ची. तीही विधवा होते आणि आपली कहाणी स्वतः सांगते. एक ख्रिस्ती लेखकाची, एक हिंदू लेखकाची, दुःख तेच.

मधली यमुना मात्र हाडामांसाची, आणि आपल्या कल्याणची. जन्म ३१ मार्च १८६५, म्हणजे कल्याणचं वाचनालय सुरू झालं त्याच्या पुढच्याच वर्षी. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि यमुनेची आनंदी झाली. डॉ. आनंदीबाई जोशी.

तिची गोष्ट आपण दरवर्षी भाषणात सांगतो, पण एक भाग घाईत गाळतो. नवरा गोपाळराव यांनी तिच्या शिक्षणासाठी मिशनऱ्यांना पत्र लिहिलं. उत्तरात ख्रिस्ती होण्याचा सल्ला आला. तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापला गेला, आणि तो वाचून न्यू जर्सीच्या मिसेस कार्पेंटर या बाईंनी आनंदीला पत्र लिहिलं. ना नातं, ना ओळख. त्या ख्रिस्ती, ही हिंदू. पुढे याच बाईंच्या घरी आनंदी उतरली आणि त्यांना मावशी मानू लागली. निघण्यापूर्वी १८८३ मध्ये तिनं श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात भाषण केलं आणि मी हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, असं जाहीर सांगितलं. हे श्रीरामपूर म्हणजे जिथे कॅरींनी मराठीचं व्याकरण छापलं तेच. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला ती डॉक्टर झाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या, आणि रमाबाई तोवर ख्रिस्ती झाल्या होत्या. एका सभागृहात दोघी मराठी बायका. एकीनं धर्म बदललेला, एकीनं न बदललेला. दोघींना एकमेकींचा अभिमान.

म्हणून पालकहो, माझं म्हणणं एवढंच आहे. वाचल्यानं मूल वाहून जात नाही. प्रश्न न विचारता वाचलं तर कदाचित जाईल. आनंदीला दुसऱ्या धर्माच्या माणसांची पत्रं वाचता येत होती, त्यातलं प्रेम घेता येत होतं आणि अट नाकारताही येत होती. हे तिघंही एकाच वेळी येणं म्हणजे शिक्षण. पुस्तक लपवून हे येत नाही.

आणि हो, आनंदीबाईंवरची पुस्तकंही दोन कपाटांत विभागली आहेत. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं चरित्र एकीकडे, श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी दुसरीकडे. दोन्ही शोधून वाचा.

६. वर्गात आणि घरात काय करता येईल?

मी यंदा पुढील चार गोष्टी केल्या. तुम्हीही करून पाहा.

*कपाटांचा नकाशा.* मुलांना वाचनालयात न्या. ठाण्यात वि. ल. भावे यांनी १८९३ मध्ये सुरू केलेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, कल्याणला सार्वजनिक वाचनालय आहे, तुमच्या भागातही एखादं असेलच. आधी परवानगी घ्या. पुस्तक वाचायचं नाही, फक्त कपाटांवरच्या पाट्या वाचून वहीत नकाशा काढायचा. वर्गीकरण म्हणजे काय ते फळ्यावर न सांगता कळतं. मग सांगा, की जगभर वापरल्या जाणाऱ्या दशांश वर्गीकरणात २०० हा आकडा धर्माचा आणि ८०० साहित्याचा. सगळे धर्म एकाच घरात, २०० मध्ये! ग्रंथालयशास्त्राचे आपले रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली. त्यातली दोन मुलांना सहज समजतात: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक.

*तीन प्रश्न.* कुठलंही पुस्तक, अगदी आपलं पाठ्यपुस्तकसुद्धा, हातात घेतलं की विचारायचं: हे कोणी लिहिलं? कोणासाठी लिहिलं? वाचणाऱ्यानं काय करावं असं लिहिणाऱ्याला वाटतं? चौथीची मुलं यात तरबेज होतात. जाहिरातीच्या कागदावर सुरुवात करा, मग गोष्टीवर या. ज्या मुलाला हे तीन प्रश्न येतात, त्याच्या हातात उद्या कुठलंही पुस्तक पडलं तरी तो बुडणार नाही.

*घरच्यांची मुलाखत.* "तुम्ही लहानपणी कुठलं पुस्तक लपवून वाचलं?" हा एकच प्रश्न मुलांनी घरी विचारायचा. माझ्या वर्गात धमाल झाली. कुणाच्या आजोबांनी बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा हिशेबाच्या वहीत लपवलेली. कुणाच्या आईनं भूगोलाच्या पुस्तकात काकोडकर ठेवलेले. एका आजींनी सांगितलं, त्यांच्या सासरी बाईनं काहीही वाचलेलं चालत नसे, अगदी पोथीसुद्धा. ते ऐकून वर्ग गप्प झाला.

*पायऱ्या.* हे पालकांसाठी खास. मी चौथीच्या मुलीला 'ययाती' वाचायला द्या असं मुळीच म्हणत नाही. वयाला पायरी असते. मूल फार पुढचं पुस्तक उघडतं तेव्हा "हे वाईट आहे" असं म्हणू नका. "हे मोठेपणीचं आहे, तुझ्यासाठी ठेवून देते" असं म्हणा. पहिल्या वाक्यानं दार बंद होतं. दुसऱ्यानं मूल वाट पाहू लागतं. 'स्मृतिचित्रे'मधले गमतीचे प्रसंग मात्र निवडून आजही मोठ्यानं वाचून दाखवता येतात. मुलं पोट धरून हसतात.

डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीच्या पुढाकारानं पुस्तक आदान-प्रदानाची प्रदर्शनं भरली आहेत. आपलं वाचून झालेलं द्यायचं, दुसऱ्याचं घ्यायचं. वर्गातही एका शनिवारी हे करता येतं. फक्त एक नियम ठेवा: कुणी काय आणलं यावर हसायचं नाही, आणि कुठलंही पुस्तक गुंडाळून आणायचं नाही.

शेवटी

त्या वडिलांना मी पुन्हा बोलावलं. "मागच्या वेळी मी तुम्हाला हो म्हटलं, ते चुकलं" असं सांगितलं. हे सगळं इतिहासासकट नाही सांगितलं. एवढंच विचारलं, "तुमची आई हे पुस्तक कधीपासून वाचते?" ते थोडा वेळ थांबले. म्हणाले, "माझ्या लहानपणापासून. आमच्या घरात एक प्रत होती, ती पुरात भिजली." मग आपणहून म्हणाले, "त्यात काय आहे, मी कधी विचारलंच नाही."

मी म्हटलं, "मग या रविवारी विचारा. मुलीलाही बसवा शेजारी."

त्यांनी विचारलं की नाही मला माहीत नाही. ते पूर्णपणे पटून गेले असंही मला वाटत नाही. जाताना त्यांनी "बघू" एवढंच म्हटलं. पण मुलीची माफी मी मागितली, वर्गाबाहेर, व्हरांड्यात. शिक्षिकेनं माफी मागितल्यावर मुलं किती गोंधळतात ते तुम्हाला माहीत आहे. ती नुसती उभी राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे आता पेपर नको ना? दोरा सोडायला काकांना वेळ लागतो."

पुढच्या शनिवारी दोन पुस्तकं उघडीच आली. एक दुपारचं, एक रात्रीचं.

तुमच्या वर्गात, तुमच्या घरात असं एखादं गुंडाळलेलं पुस्तक आहे का? या आठवड्यात त्याचा दोरा सोडून पाहा.